पहिल्या नंबरचे वैमानिक कोणाचे? हे पान वर्गातून काढा
सातारा-सांगलीतल्या एनडीए आणि एअर फोर्स तयारी अकादम्यांना खुले पत्र

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांत एनडीए, एएफकॅट (हवाई दलाची प्रवेश परीक्षा) आणि एसएसबीची (सैन्यदलांच्या निवड मंडळाची मुलाखत) तयारी करून घेणाऱ्या अकादम्यांचे संचालक आणि शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मुलांच्या हातात फिरणाऱ्या नोट्समध्ये एक पान हमखास असतं. ‘जगातील सर्वोत्तम लढाऊ वैमानिक’ असा मथळा, खाली एक ते दहा क्रमांक आणि त्यांपुढे देशांची नावं. आपण पहिल्या तिनांत असतो, शेजारी यादीतच नसतो. मुलं ते पाठ करतात. मुलाखतीत विषय निघाला की घडाघडा म्हणून दाखवतात आणि ‘कशावरून?’ एवढं विचारलं की खाली बघतात. हवाई दलात उड्डाण शिकवण्याचं आणि विमानं उड्डाणाला तयार ठेवण्याचं काम केलेले आम्ही काहीजण आता या दोन जिल्ह्यांत राहतो. ते पान काढून टाकावं आणि त्या जागी दुसरं काही शिकवावं, एवढ्यासाठी हे पत्र.

आपल्या भागात ही गोष्ट तालमीच्या भाषेत लवकर कळते. जोड लावताना वस्ताद वजन बघतो, माती की गादी ते बघतो, कुस्ती निकाली की गुणांवर ते विचारतो. त्याशिवाय ‘कोण भारी’ या प्रश्नाला अर्थ नाही हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनला गेले तेव्हा मातीतले तयार मल्ल होते. पण गादी नवी, नियम नवे, सहावे आले. गादीवरची तयारी करून 1952 ला हेलसिंकीत उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. मल्ल तोच होता, मधल्या चार वर्षांत तयारी बदलली होती. वैमानिकांची तुलना करायची तर ती तयारीची करावी लागते. देशाच्या रक्ताची तुलना करून हाती काही लागत नाही.

याचा सगळ्यात स्वच्छ दाखला अमेरिकेच्या नौदलाचा आहे. व्हिएतनामच्या युद्धात 1968 पर्यंत त्यांचं स्वतःचं एक विमान पडलं की शत्रूची अडीचच्या आसपास पडत होती. एफ-4 फँटमसारखं ताकदवान विमान आणि नवी क्षेपणास्त्रं हाताशी असलेल्या दलाला हा हिशोब लाजिरवाणा होता. त्यांनी चौकशी केली, अहवाल लिहिला आणि 1969 साली मिरामार तळावर फायटर वेपन्स स्कूल काढलं. तिथे फँटमची लढत फँटमशी लावली नाही. ए-4 सारखी छोटी, चपळ, शत्रूच्या मिगसारखी वळणारी विमानं समोर उभी केली. क्षेपणास्त्र नेमक्या कुठल्या अंतरात आणि कुठल्या कोनात लागतं, कुठे वाया जातं, हे घोटून घेतलं. 1972 मध्ये पुन्हा लढाई पेटली तेव्हा तेच प्रमाण बारास एकच्या आसपास गेलं. त्याच काळात त्याच देशाच्या हवाई दलाचा आकडा मात्र दोनास एकच्या आसपासच रेंगाळला. देश एक, विमानही बहुतांश एकच. आता यादीत ‘अमेरिका’ कुठल्या क्रमांकावर लिहायची?

हवाई दलही त्यातून शिकलं. पहिल्या दहा लढाऊ मोहिमांतून जो वैमानिक वाचतो त्याची पुढे तगण्याची शक्यता बरीच वाढते, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं. मग त्या दहा मोहिमा शांततेतच का घडवू नयेत, या विचारातून 1975 साली नेलिस तळावर ‘रेड फ्लॅग’ सराव सुरू झाला. आपली सुखोई-30 तिथे 2008 साली गेली होती, आणि 2024 मध्ये अलास्कातल्या रेड फ्लॅगला राफेल गेली.

दुसऱ्या महायुद्धाचे आकडे तर फळ्यावर लिहून ठेवावेत असे आहेत. 1942 च्या सुमारास जर्मन वैमानिक प्रशिक्षणातून बाहेर पडे तेव्हा त्याच्या वहीत अडीचशे तासांच्या आसपास उड्डाण असे. 1944 पर्यंत ते शंभर-सव्वाशेवर आलं. इंधन नव्हतं, शिकवणारे आघाडीवर पाठवले होते आणि रिकाम्या जागा मात्र भरायच्या होत्या. समोरून येणारे ब्रिटिश आणि अमेरिकन तीनशेच्या वर तास घेऊन येत. एरिक हार्टमनच्या नावावर 352 विमानं आहेत, इतिहासात इतकी कोणाच्याच नाहीत. तरी जर्मनी हरली. जपाननेही तेच केलं: तरबेज माणूस मरेपर्यंत आघाडीवर. अमेरिकेने मात्र अनुभवी वैमानिक ठरावीक मुदतीनंतर परत बोलावले आणि नवशिक्यांना शिकवायला बसवले. एकेकटा वीर कितीही मोठा असो, त्याची विद्या पुढच्या शंभरांत उतरली नाही तर दलाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. अपशिंगे मिलिटरीच्या मुलाला शौर्याबद्दल वेगळं सांगायला नको. पण धावपट्टीपासून किती उंचीवर नाक उचलायचं हे कोणाच्याच रक्तात नसतं, ते हाताला शिकवावं लागतं.

आता आपली गोष्ट. नोट्समध्ये ती एका ओळीत असते: ‘मिग-21, उडती शवपेटी.’ ही ओळ आम्हाला अजिबात आवडत नाही, कारण ती सगळा दोष विमानावर ढकलून मोकळी होते. शिडीची एक पायरी नसली की काय होतं, हे त्यात शिकण्यासारखं आहे.

लढाऊ वैमानिक टप्प्याटप्प्याने तयार होतो. डुंडीगलच्या वायुसेना अकादमीत पिलाटस पीसी-7 वर पहिला टप्पा. लढाऊ शाखा मिळाली तर हकीमपेटला किरण जेट, मग बिदरला हॉक आणि त्यानंतर प्रत्यक्ष लढाऊ विमान. हेलिकॉप्टरवाला हकीमपेटच्याच हेलिकॉप्टर शाळेत जातो, मालवाहू विमानांचा येलहंकाला. यातलं हॉक आपल्याकडे 2008 साली आलं. त्याआधी वर्षानुवर्षं किरणवरून उतरलेली पोरं जवळजवळ थेट मिग-21 वर बसत होती.

फरक नुसत्या वेगाचा नाही. मिग-21 ला त्रिकोणी, म्हणजे डेल्टा पंख. असा पंख कमी वेगात तेवढीच उचल देण्यासाठी नाक बरंच वर ठेवायला लावतो. नाक वर गेलं की समोरची धावपट्टी नीट दिसत नाही. उतरण्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. पंख असा तिरका उभा असताना हवेचा विरोध इतका वाढतो की वेग थोडा जरी कमी झाला तरी विमान धपकन बसायला लागतं. किरणवर घडलेला हात अशा वेळी दांडी मागे ओढतो, कारण खाली जातंय तर नाक वर करावं असं मन सांगतं. इथे तेच घातक ठरतं. नाक आणखी वर, विरोध आणखी जास्त, विमान आणखी खाली. खरं औषध आधी थ्रॉटल पुढे, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा, तेही वेळेत, कारण जुन्या जेट इंजिनाला जोर पकडायला काही सेकंद लागतात. ते काही सेकंद ज्याच्या अंगात मुरलेले नाहीत त्याला विमान माफ करत नाही.

मधली पायरी हवी हे 1982 सालीच ला फाँटेन समितीने सांगितलं होतं. 66 हॉक विमानांचा करार झाला 2004 मध्ये. बावीस वर्षं. संरक्षणमंत्री अँटनी यांनी 2012 साली संसदेत दिलेली माहिती अशी की, घेतलेल्या 872 मिग विमानांपैकी 482 अपघातांत गेली आणि त्यांत 171 वैमानिक दगावले. हे आकडे सगळ्या प्रकारच्या मिगचे आहेत आणि कारणंही अनेक आहेत: इंजिनातले बिघाड, सुटे भाग, पक्षी. सगळं खापर पायरीवर फोडणं चूक होईल. पण तिचा वाटा मोठा होता. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला, तेव्हा अनेक अकादम्यांनी स्टेटस ठेवले. त्या दिवशी वर्गात ही पायरीची गोष्ट सांगायला हवी होती.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. 2009 साली एचपीटी-32 हे पहिल्या टप्प्याचं विमान अपघातांनंतर जमिनीवर बसवलं आणि पिलाटस यायला 2013 उजाडलं. मधली वर्षं जुन्या किरणवर भागवली. डिसेंबर 2024 मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात पिलाटसच्या इंजिनातून तेल गळण्याच्या 38 घटनांची नोंद आहे. वैमानिकांची तूट 2015 च्या सुरुवातीला 486 होती ती 2021 अखेर 596 झाली, हेही त्यातच आहे. देशाच्या वैमानिकांचा दर्जा या गोष्टींवर ठरतो. आपल्या उणिवा माहीत असलेला उमेदवार देशद्रोही ठरत नाही, तयारीचा ठरतो.

इतर देशांचीही शिडी कुठे ना कुठे हलते. ब्रिटनमध्ये निवड झालेली मुलं पुढच्या टप्प्यासाठी वर्षानुवर्षं रांगेत बसली, त्यांच्या हॉक टी-2 च्या इंजिनांनी त्रास दिला आणि काहींना शिकायला इटली-अमेरिकेला पाठवावं लागलं. इटलीने सार्डिनियात डेचिमोमान्नूला एम-346 विमानांची आंतरराष्ट्रीय शाळाच काढली आहे. फ्रान्सने कोन्याकला पीसी-21 आणून जेटचं बरंचसं काम टर्बोप्रॉपवर, म्हणजे पुढे पंखा असलेल्या विमानावर, उरकलं. खर्च वाचला, आणि कॉकपिट राफेलशी मिळतंजुळतं करून घेतलं. अमेरिकेचा भावी फायटर पायलट टी-6 नंतर अजूनही टी-38 वर शिकतो, ज्याचं पहिलं उड्डाण 1959 चं. इस्रायलचा हात्झेरीमचा अभ्यासक्रम पदवीसह तीन वर्षांचा आणि गाळणी अशी की बसणाऱ्यांतले थोडेच पार होतात. रशियात नव्वदच्या दशकात इंधनाअभावी वैमानिकाला वर्षाला वीस-तीस तास मिळत, विमानं मात्र उत्तम होती. चीनने काय केलं? 2022 मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याने उघड इशारा दिला की त्यांचे तीसपर्यंत माजी वैमानिक चिनी दलाला शिकवायला गेले आहेत. विमानं बनवता येतात, आराखडे मिळवता येतात. लढण्याची रीत शिकवणारा माणूस मात्र पगार देऊन आणावा लागला.

पाकिस्तानबद्दल मुलं एकतर हसतात नाहीतर घाबरतात. दोन्ही नको. रिसालपूरची अकादमी, तिथली मुशशाक, के-8 ही शिकाऊ विमानं अशी त्यांचीही शिडी आहे, आणि सरगोध्याला अनुभवी वैमानिकांना लढाईचे डाव शिकवणारं कॉम्बॅट कमांडर्स स्कूल 1976 पासून चालतं. आपली तशीच संस्था, म्हणजे आजची ग्वाल्हेरची टॅकडी, 1971 साली आदमपूरला सुरू झाली. मुलाखतीत एवढं शांतपणे सांगणारा मुलगा क्रमांकाची यादी म्हणणाऱ्यापेक्षा कधीही उठून दिसतो.

तासांच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. नाटोचा मापदंड म्हणून वर्षाला 180 तास सांगतात. पाऊण तासाची एक फेरी धरली तर त्या 240 फेऱ्या होतात. पण त्या 240 मध्ये काय केलं? एका तळावरून दुसऱ्या तळावर सरळ नेलेल्या विमानाचा एक तास आणि एकास एक लढतीतली पंचेचाळीस मिनिटं वहीत सारखीच दिसतात. महामार्गावरचे शंभर किलोमीटर आणि आंबेनळी घाटातले शंभर किलोमीटर एसटीच्या ड्रायव्हरला कोणी सारखे मोजायला सांगेल का? शिवाय आता सिम्युलेटर आहे. एफ-35 ला दोन आसनांचं रूपच नाही, म्हणजे त्यात बसणाऱ्याचं पहिलंच उड्डाण एकट्याचं. मागे बसणारा गुरुजी सिम्युलेटरमध्येच काय तो भेटतो.

सरावांच्या बातम्यांचंही तसंच. फेब्रुवारी 2004 मध्ये ग्वाल्हेरला अमेरिकेची एफ-15 आणि आपली सुखोई, मिराज, मिग-21 बायसन असा सराव झाला. आपण बहुतेक लढती मारल्या अशा बातम्या आल्या आणि आपल्या वैमानिकांनी अपेक्षेपेक्षा चांगलं काम केलं हे अमेरिकनांनीही मान्य केलं. अभिमान जरूर बाळगावा. पण त्यांच्या बाजूला चार विमानं आणि समोर दहा-बारा अशी मांडणी होती, लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर बंधन होतं आणि त्यांनी नव्या रडारची एफ-15 आणलीच नव्हती, हेही सांगावं. 2015 ला इंग्लंडमध्ये टायफून विरुद्ध सुखोई झाल्यावर आपल्याकडे ‘बारा-शून्य’ छापून आलं आणि ब्रिटिशांनी ते फेटाळलं. ही खडाखडी असते. सरावात उणिवा उघड्या पडाव्यात म्हणूनच नियम बांधतात, आणि ज्याच्या चुका जास्त निघाल्या तो बऱ्याचदा जास्त शिकून घरी जातो.

आम्हाला विचाराल तर हवाई दलांत खरा फरक उड्डाण संपल्यावरच्या खोलीत दिसतो. एकास एक लढतीची फेरी पाऊण तासाची आणि तिचं डीब्रीफिंग दोन-तीन तासांचं. आधी दोन्ही विमानांची नोंद समोर ठेवून लढत क्षणाक्षणाने पुन्हा मांडायची. कोणाच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा नाही, कारण जोराच्या वळणात माणसाला आठवतं ते बहुतेकदा चुकीचं असतं. मग डाव कुठे फिरला तो एक क्षण धरायचा आणि तीन प्रश्न विचारायचे. चूक पाहण्यात झाली, ठरवण्यात झाली की करण्यात? समोरचा आत वळतोय हे दिसलंच नाही, तर ती पाहण्यातली. दिसलं पण चुकीचा डाव निवडला, ही ठरवण्यातली. डाव बरोबर पण दांडी उशिरा ओढली, ही करण्यातली. तिन्हींवर औषध वेगळं, त्यामुळे ‘अजून मेहनत घे’ हा शेरा तिथे चालत नाही. शेवटी पुढच्या वेळी काय, किती अंतरावर, किती वेगाला करायचं हे आकड्यात लिहायचं. आणि हुद्दा दाराबाहेर. ग्रुप कॅप्टनची चूक फ्लाइंग ऑफिसरने दाखवायची. हे शेवटचं ज्या दलात जमत नाही तिथे विमानं कितीही महाग असोत, चुका पिढ्यानपिढ्या तशाच उतरतात. आपल्या संस्कृतीत ‘सर चुकले’ म्हणायला जीभ अडते, त्यामुळे हे आपल्याला जास्त जड जातं. तुमच्या ग्रुप डिस्कशनच्या सरावात ही पद्धत उद्यापासून वापरता येईल: मोबाईलवर चित्रण, मग तीन प्रश्न, आणि सरांच्या चुकाही मुलांनी काढायच्या.

आता फीचा आणि स्वप्नांचा प्रश्न, म्हणून हे स्पष्ट लिहितो. जतहून किंवा खटावहून आलेल्या मुलाला वर्षभर ‘पायलट होशील’ म्हणून ठेवायचं आणि मेडिकलला कळायचं की त्याची मांडीच लांब आहे, हे योग्य नाही. प्रवेशाच्या दिवशी टेप घ्या. मुलाला भिंतीला पाठ आणि नितंब टेकवून, पाय सरळ पसरून बसवा. भिंतीपासून टाचेपर्यंत पायाची लांबी 99 ते 120 सेंटिमीटर हवी. गुडघा वाकवून भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत मांडी 64 च्या आत हवी. बसलेली उंची 81.5 ते 96, उभी किमान 162.5. ही मापं उगाच नाहीत. पाय आखूड तर रडरचं पेडल शेवटपर्यंत दाबलं जात नाही. मांडी लांब तर इजेक्शनच्या वेळी, म्हणजे आसनासह बाहेर फेकलं जाताना, गुडघे समोरच्या पॅनेलच्या कडेला लागतात. धड लांब तर डोकं कॅनोपीला, म्हणजे वरच्या काचेला. दर वर्षीची जाहिरात वाचून आकडे पडताळत जा. रंगांधळेपणाची इशिहारा तपासणी डोळ्यांच्या कुठल्याही डॉक्टरकडे होते. लाल-हिरव्याचा दोष मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त आढळतो आणि बहुतेकांना तो असल्याचं माहीतच नसतं. चष्मा घालवायला वीस वर्षांच्या आत लेसर करून घेतलं तर ते चालत नाही, म्हणजे एनडीएच्या वयाला तो रस्ता बंदच. हे पालकांना आधी सांगा, ऑपरेशन झाल्यावर नको.

सीपीएसएस, म्हणजे वैमानिक होण्याची पात्रता बघणारी चाचणी (जुनी पीएबीटी), आयुष्यात एकदाच देता येते. नापास झाल्यावर फ्लाइंग शाखेचं दार कायमचं मिटतं. त्यात पायांनी पेडल, हाताने दांडी वापरून ठिपका मध्यावर ठेवायचा आणि त्याच वेळी दिवे-आवाजांना उत्तर द्यायचं असतं. सोबत उपकरणांच्या तबकड्या वाचायची लेखी चाचणी. जॉयस्टिकचा गेम खेळवून ‘पीएबीटी गॅरंटी’ लिहिणाऱ्यांनी तो शब्द फलकावरून खोडावा. तबकड्या वाचणं मात्र जरूर शिकवा, त्याचा सराव कागदावर होतो.

शेवटी पळण्याबद्दल. पहाटे यवतेश्वरचा घाट नाहीतर सांगलीत कृष्णेचा काठ, रोज दहा-दहा किलोमीटर, हीच तयारी असं चित्र आहे. भरतीसाठी ठीक. पण लढाऊ विमानात जोराच्या वळणात 9 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोर, लागतो तेव्हा 70 किलोच्या माणसाचं वजन 630 किलो होतं आणि रक्त पायांकडे उतरतं. आधी रंग फिके पडतात, मग अंधारी, मग बेशुद्धी. शुद्ध येऊन हात कामाला लागेपर्यंत पंचवीस सेकंद धरा. ताशी 800 च्या वेगात तेवढ्यात साडेपाच किलोमीटर गेलेले असतात, आणि नाक तीस अंश खाली असेल तर पावणेतीन किलोमीटर उंची संपलेली असते. यावर उपाय जी-सूट (पाय आणि पोट आवळून धरणारा पोशाख) आणि श्वासाची रीत: मांड्या, पोटऱ्या, नितंब आणि पोट घट्ट आवळायचं, श्वास कोंडायचा आणि दर तीन सेकंदांनी झटक्यात बदलायचा. यासाठी पायांची आणि पोटाची ताकद लागते, नुसता लांब पल्ल्याचा दम पुरत नाही. तेव्हा आठवड्यातले दोन दिवस पळणं कमी करून बैठका, वजनासह स्क्वॉट आणि पोटाचे व्यायाम ठेवा. तालमीतल्या सपाट्या आणि जोर इथे अगदी चपखल बसतात. श्वासाची ती रीत मात्र मुलांकडून जमिनीवर करून घेऊ नका. विनाकारण श्वास कोंडून रक्तदाब वाढतो, आणि ते बंगळुरूच्या एअरोस्पेस मेडिसिन संस्थेत सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे माणसाला गोल फिरवून असा जोर लावणाऱ्या यंत्रावर, डॉक्टरांच्या देखत शिकवतात.

मुलींच्या बॅचलाही हीच टेप लावा. हवाई दलात पहिल्या तीन महिला फायटर पायलट 2016 साली रुजू झाल्या, 2022 पासून एनडीएचं दार मुलींना उघडलं, आणि तरीही आमच्या पाहण्यातल्या फलकांवर मुलींसाठी फक्त पोलीस भरती लिहिलेली असते.

जूनची नवी बॅच भरायच्या आत मापांचा तक्ता दाराजवळ लावा, इशिहाराची चौकशी करा आणि त्या यादीच्या पानाच्या झेरॉक्स काढणं थांबवा.

आपले,
हवाई दलातील काही निवृत्त प्रशिक्षक आणि तंत्रज्ञ,
सातारा आणि सांगली